पंप बंदूक घ्यायची तर आधी आपला हात बघा

मी डावखुरी, उंचीने बेताची, आणि पोटापाण्याचं काम टूलरूममधलं. दिवसभर कुणीतरी तासलेले, घासलेले भाग मोजायचे आणि कुठला चालेल, कुठला परत जाईल ते सांगायचं. बंदुकीकडेही मी त्याच नजरेने बघते. त्यामुळे "शिकारीसाठी भरवशाची पंप-अ‍ॅक्शन कुठली?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: हात कुठला, अंगावर जाड जॅकेट असणार का, मारायचं काय, चिखलपाण्यात उतरणार की कोरड्या रानात? माणसं वैतागतात. त्यांना एक नाव हवं असतं, आणि तेही पटकन.

नावं सांगणारच आहे. पण त्याआधी पंप विश्वासाची का मानतात ते बघायला हवं, नाहीतर नावांना अर्थ राहत नाही.

इथे पंप म्हणजे छर्र्यांची बंदूक, शॉटगन. तिला चालवणारी ताकद काडतुसातून येत नाही, आपल्या हातातून येते. बार उडाला की पुढच्या हाताने फोरएंड, म्हणजे नळीखालची सरकती मूठ, मागे ओढायचा. त्याला जोडलेल्या पट्ट्या बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याला, मागे नेतात, लॉक खाचेतून सुटतं, एक्स्ट्रॅक्टरचा आकडा रिकामी पुंगळी कडेने धरून ओढतो, इजेक्टर तिला बाहेर उडवतो. फोरएंड पुढे ढकलला की मॅगझिनच्या (काडतुसं साठवायच्या) नळीतून सुटलेलं पुढचं काडतूस वर उचललं जातं, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत, शिरतं आणि बोल्ट पुन्हा लॉक होतो. सेमी-ऑटोमध्ये हेच काम काडतुसाचा वायू किंवा धक्का करतो, म्हणून हलकी काडतुसं घातली की काही सेमी-ऑटो कुरकुरतात. पंपला काडतूस हलकं आहे की भारी याच्याशी देणंघेणं नाही. कडाक्याची थंडी असो, तेल घट्ट झालेलं असो, आपण ओढलं की ती चालते.

आणि तिची कमजोरीही नेमकी तिथेच आहे. हात अर्धवट मागे आला तर पुंगळी पूर्ण बाहेर पडत नाही, किंवा पुढचं काडतूस सुटतच नाही. समोरून पक्षी फडफडत उठला की घाईत हेच होतं, आणि दोष बंदुकीला लागतो. म्हणून माझं मत असं, की चांगल्या घडणीच्या चार-पाच पंपांमध्ये भरवशाचा फरक लोखंडात कमी आणि त्या बंदुकीशी आपला हात किती जुळतो यात जास्त आहे. जी बंदूक थंडीत, हातमोजे घालून, न बघता पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे करता येते, ती आपल्यासाठी भरवशाची.

एक गोष्ट आधीच सांगते. काही देशांत पंपवरच बंधनं आहेत. ऑस्ट्रेलियात १९९६ नंतर पंप शॉटगन सामान्य परवान्यावर मिळत नाही. ब्रिटनमध्ये साध्या शॉटगन परवान्यावर मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं मावणारी चालते. अमेरिकेत पंप मिळते, पण स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, म्हणून मॅगझिनच्या नळीत एक दांडी घालून ठेवतात. परवाना, हंगाम आणि हे नियम आधी वाचा, बंदुकीचं नंतर.

आता हाताकडे. माझ्या भाच्याला पहिली बंदूक घ्यायची होती. तो उजवा, सहा फुटांचा, हात लांबच लांब. मला म्हणाला, "मावशी, तू वापरतेस तीच घेतो ना, शोधाशोध कशाला?" म्हटलं, बाळा, माझे बूट घालून बघ आधी.

डावखुऱ्या माणसाला बहुतेक पंपा उजव्यांसाठी बनवल्यात हे पहिल्या मिनिटाला कळतं. रेमिंग्टन ८७० ची सेफ्टी, म्हणजे चुकून बार होऊ न देणारा खटका, चापाच्या मागे आडव्या बटणाची, उजवीकडून डावीकडे दाबलं की बंदूक मारायला तयार. उजव्याचं चापाचं बोट उजवीकडेच असतं, त्याला ते सहज. माझं बोट डावीकडे, म्हणजे मला चापाच्या कड्याखालून बोट पलीकडे न्यावं लागतं. उलट्या बाजूचं बटण बसवून मिळतं, ते बसवलं की प्रश्न सुटतो. पण त्याच बंदुकीत बंद बोल्ट उघडायचा खटका चापाच्या कड्याच्या पुढे डाव्या बाजूला आहे, आणि तो माझ्या बोटाखाली आपसूक येतो, उजव्यांना मात्र बोट वळवावं लागतं. हे कुणी सांगत नाही, हातात घेऊनच समजतं.

मॉसबर्ग ५०० ची सेफ्टी वर, दस्त्याच्या मानेजवळ, अंगठ्याखाली. पुढे सरकवली की लाल ठिपका दिसतो. डावा-उजवा भेद नाही, आणि नजर नळीवरून न हलवता ठिपका दिसतो. माझ्यासारखीला हा मोठा मुद्दा. पण कुणी त्यावर पिस्तुली मुठीचा दस्ता बसवला असेल तर अंगठा तिथवर पोचत नाही. शिकारीसाठी असा दस्ता घ्यायचं कारण मला तरी आजवर कळलेलं नाही.

हातमोजे घालून काडतूस भरून बघा, हीही माझी हट्टाची गोष्ट. ८७० मध्ये काडतूस उचलणारी पट्टी खाली बसलेली असते आणि भरायचं तोंड झाकते. काडतूस घालताना ती अंगठ्याने वर दाबावी लागते, आणि जाड मोज्याचं टोक तिच्यात चिमटतं. ५०० मध्ये ती पट्टी वरच उचललेली असते, तोंड मोकळं. गोष्ट बारीक आहे, पण अंधाऱ्या पहाटे ओल्या मोज्याने भरताना बारीक राहत नाही.

पुंगळी कुठे पडते? उजवीकडे बाहेर टाकणारी बंदूक डाव्या खांद्याला लावली की पुंगळी नाकासमोरून आडवी जाते. तोंडावर येत नाही, पण नजर क्षणभर तिच्यामागे जाते. यावर जुना, देखणा उपाय म्हणजे इथाका ३७. १९३७ साली आलेली ही बंदूक एकाच तोंडातून भरते आणि त्याच तोंडातून, खाली, पुंगळी टाकते. बाजूला खिडकीच नाही. पाऊस, गवताच्या काड्या आत जायला जागा कमी. ब्राउनिंगची बीपीएस, १९७७ ची, याच पद्धतीची, वर अंगठ्याची सेफ्टी असलेली आणि चांगली जड. तोटा एवढाच की काही अडकलं तर बाजूने डोकावून बघता येत नाही, बंदूक उलटी करून खालून बघावं लागतं.

नवऱ्याच्या काकांकडे, म्हणजे माझ्याही काकांकडेच, एक जुनी इथाका आहे. ती हातात दिली की ते आधी एकच वाक्य बोलतात, "चाप दाबून पंप करायचं नाही, पोरी." त्याला कारण आहे. इथाकाच्या जुन्या बंदुकांत, तशाच विंचेस्टरच्या १८९७ आणि मॉडेल १२ मध्ये, चाप सोडल्याशिवाय पुढचा बार होऊ न देणारा भागच नव्हता. चाप दाबून धरला आणि फोरएंड पुढे ढकलला की बोल्ट बंद होताक्षणी बार. काही जणांना याचंच कौतुक असतं. मला शिकारीत ही गोष्ट नको. थकलेलं बोट चापावर राहून गेलं तर काय होईल, ते मला फार स्पष्ट दिसतं.

मॉडेल १२ चं नाव निघालंच आहे तर एवढं म्हणते की तशी घडण आता परवडत नाही. १९१२ ते १९६४ या काळात सुमारे २० लाख निघाल्या. आतले भाग एकेक तासून बसवलेले, बोल्ट मागे ओढताना बोटांना लोणी लागावं तसा. माझ्यासारखीला ती बघताना मोजमापाची पट्टी काढाविशी वाटते. पण तो खर्च कारखान्यांना पुढे झेपेना. रेमिंग्टनने १९५० मध्ये ८७० काढली ती याच हिशेबाने: जुन्या मॉडेल ३१ पेक्षा सोपे भाग, पण रिसीव्हर, म्हणजे बोल्ट आणि चाप सामावणारा मधला भाग, मात्र घट्ट पोलादी ठोकळ्यातून कोरलेला. त्या बंदुका आज एक कोटीहून जास्त झाल्यात. मॉसबर्ग ५०० साठच्या दशकाच्या सुरुवातीची. तिचा रिसीव्हर अ‍ॅल्युमिनियमचा. "हलका धातू, फुटणार नाही ना?" असं लोक विचारतात. बोल्ट रिसीव्हरमध्ये लॉक होतच नाही, तो नळीच्या मागच्या पोलादी भागात लॉक होतो. बार उडतानाचा दाब तिथे पेलला जातो. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचं भय बाळगायचं कारण नाही, उलट खारट हवेत ते गंजत नाही. तिचीही संख्या कोटीच्या पुढे.

इतक्या बंदुका बाहेर असण्याचा खरा फायदा सुट्या भागांचा. रेमिंग्टन २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाली, तुकडे तुकडे विकली गेली, ८७० पुढे नव्या मालकीत पुन्हा बनू लागली. मधल्या काळात ज्यांच्याकडे जुनी ८७० होती त्यांचं फारसं अडलं नाही, कारण एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंगा, फायरिंग पिन हे सगळं बनवणारे दुसरेही होते. ८७० सारख्या दिसणाऱ्या स्वस्त बंदुका खूप निघाल्यात, त्यातल्या काही बऱ्याही आहेत. पण "सारखी" म्हणजे भाग अदलाबदल होतीलच असं नाही. घेण्याआधी त्याच बंदुकीचा एक्स्ट्रॅक्टर कुठे मिळतो एवढं विचारा. समोरचा माणूस घुटमळला तर उत्तर मिळालं.

आतल्या भागांत मी दोन गोष्टी निरखून बघते. एक, एक्स्ट्रॅक्टर. ८७० ला एक, ५०० ला दोन, दोन्ही बाजूंना. दोन असले की चिकटलेली पुंगळी सरळ ओढली जाते हे खरं, पण एकाच चांगल्या, धारदार आकड्यानेही काम होतं. आकड्याची कड बोटाने चाचपा. बोथट, गोलसर वाटली तर नको. दुसरी, काडतूस अडवणाऱ्या पट्ट्या. मॅगझिनच्या नळीच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन असतात. एक काडतूस सोडायचं आणि मागचं थोपवायचं, हे त्यांचं काम. एखादी वाकली की एकदम दोन काडतुसं बाहेर येतात आणि बंदूक अशी बसते की जागेवर उलगडत नाही. ८७० मध्ये त्या रिसीव्हरला ठोकून बसवलेल्या असतात, सैल झाल्या तर कारागिराकडे जावं लागतं. ५०० मध्ये चापाचा संच काढला की त्या सुट्या हातात येतात. साफ करायला छान, बदलायलाही छान, पण गवतात पडली तर शोधत बसा. म्हणून ५०० कधीही रानात उघडू नये, खाली फडकं अंथरून टेबलावरच.

फोरएंडच्या पट्ट्या दोन असाव्यात. एकच असली तर तिरक्या जोराने बोल्ट वेडावाकडा ओढला जाऊन अडतो. ५०० ला सुरुवातीला एकच होती, दुसरी मागाहून आली, तेव्हा फार जुनी मिळत असेल तर आत बघून घ्या. फोरएंड थोडा खुळखुळतो त्याची काळजी करू नका, पंपमध्ये तेवढी ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. चिखलाचा कण आत गेला तरी बंदूक फिरते ती त्याच ढिलाईमुळे.

चिखलपाण्यातच सतत काम असेल, खाडीकाठी रानबदकं वगैरे, तर बेनेली नोव्हाचा विचार करा. दस्ता आणि रिसीव्हर एकाच प्लॅस्टिकच्या साच्यातले, आत पोलादी सांगाडा, बोल्ट फिरून लॉक होणारा. गंजायला वरून काही नाहीच. मी घेतली नाही, कारण तो दस्ता कापून आखूड करता येत नाही, आणि मला आखूडच लागतो. भाच्याच्या खांद्याला मात्र ती अशी बसली की त्याने आरशात स्वतःला दोनदा बघितलं.

दस्त्याची लांबी म्हणजे चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर. सर्वसाधारण बंदुकीत ते १४ इंचांच्या आसपास असतं. आखूड हाताच्या माणसाला ते जास्त होतं, दस्ता काखेत अडकतो, आणि पुढचा हात ताणलेला राहिल्याने फोरएंड पुढे पूर्ण जात नाही. मग ती मघाची अर्धवट पंप करण्याची भानगड. बारा-साडेबारा इंचांचे आखूड दस्ते मिळतात, त्यांना "मुलांचे" म्हणतात म्हणून मोठ्या माणसांना लाज वाटते. वाटू देऊ नका. तपासायचं कसं? बंदूक रिकामी आहे याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करा, सुरक्षित दिशा धरा, जाड जॅकेट घाला, डोळे मिटून दस्ता खांद्याला लावा आणि डोळे उघडा. नळीच्या टोकाचा मणी सरळ समोर दिसला तर जमलं. नळीच्या वरची पट्टी खूप दिसत असेल किंवा मणीच दिसत नसेल, तर दस्त्याची उंची तुमच्या गालाला जुळत नाही. त्याआधी आपला मुख्य डोळा कुठला ते जरूर बघा. उजव्या हाताची, पण डाव्या डोळ्याची माणसं पुष्कळ असतात, आणि ती वर्षानुवर्षं बंदुकीलाच बोल लावत राहतात.

बोअरबद्दल, म्हणजे नळीच्या मापाबद्दल (आकडा मोठा तितकी नळी बारीक), लोक तासन्‌तास भांडतात. मी थोडक्यात उरकते. सगळ्या कामांना एकच बंदूक हवी असेल तर १२ बोअर, काडतुसं सगळीकडे मिळतात. धक्का नको असेल आणि पाखरं जवळून उठणारी असतील तर २० बोअर. चेंबर तीन इंची असावं, त्यात पावणेतीन इंचीही चालतात. साडेतीन इंची चेंबर लांबवरच्या बदकांसाठी आहे. तो धक्का एकदा खाल्ला की बहुतेक माणसं पुन्हा पावणेतीनवरच येतात, आणि शिवाय फोरएंडला तेवढा लांब हात मारावा लागतो.

यात जिवाशी गाठ असलेल्या दोन गोष्टी मात्र सावकाश वाचा. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यानंतर तोंड उलगडलेल्या पुंगळीची असते. म्हणजे न उडवलेलं तीन इंची काडतूस पावणेतीन इंची चेंबरमध्ये निमूट बसतं. बार झाला की तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब भलता वाढतो. जुनी बंदूक घेताना नळीवर कोरलेलं वाचा, आठवणीवर जाऊ नका. दुसरी गोष्ट, २० बोअरचं काडतूस १२ च्या चेंबरमध्ये थांबत नाही, पुढे घसरून नळीत अडकतं. वाटतं काडतूस भरलंच नाही, म्हणून मागून १२ चं घालतात, आणि नळी फुटते. याचसाठी २० बोअरची काडतुसं पिवळी करतात. घरात दोन्ही बोअर असतील तर पिवळी काडतुसं वेगळ्या पिशवीत, वेगळ्या खोलीत, आणि एका जॅकेटमध्ये दोन्ही कधीच नाहीत.

चोक, म्हणजे छर्र्यांचा फैलाव ठरवणारं नळीच्या तोंडाचं आवळणं, बदलता येणारी नळी घ्या, २६ किंवा २८ इंची. पाणपक्ष्यांच्या शिकारीत अमेरिकेत १९९१ पासून शिशाचे छर्रे बंद आहेत, युरोपीय संघात पाणथळ जागी २०२३ पासून. तिथे पोलादी छर्रे लागतात. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून छर्रा दोन मापांनी मोठा घ्यायचा. ते कडकही, दबत नाहीत, म्हणून जुन्या घट्ट फुल चोकच्या नळीतून ते मारायचे नाहीत. त्याहून सैल असलेला मॉडिफाइड चोक पोलादाला बहुतेक वेळा पुरतो. आपली बंदूक नेमका कसा फैलाव देते हे मात्र कागदावरच कळतं: ४० यार्डांवर मोठा कागद लावायचा, बार करायचा, सर्वांत दाट जागेभोवती ३० इंची वर्तुळ काढून भोकं मोजायची. कंटाळवाणं काम आहे. मला आवडतं, पण माझा धंदाच तो.

वापरलेली बंदूक असेल तर मॅगझिनची टोपी काढून नळी उतरवा आणि उजेडाकडे धरून आत बघा. आत गोल कड्यासारखी सावली दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे, बंदूक खाली ठेवा. चेंबरमध्ये करंगळी घालून फिरवा. खरखर लागली तर तिथे गंज किंवा साचलेलं प्लॅस्टिक आहे. प्लॅस्टिक ब्रशने निघतं, गंजाचे खड्डे निघत नाहीत, आणि पुंगळ्या चिकटतात त्या तिथेच. मॅगझिनच्या नळीचा फोरएंडखाली झाकला जाणारा भाग बघा, मालक तिथे तेल लावतो की नाही यावरून बाकीचं कळतं. मग जोडून, नकली काडतुसं घालून आधी सावकाश आणि नंतर दणकून पंप करा. शेवटी सगळी काडतुसं काढा, चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामी आहेत हे बघा आणि सुरक्षित दिशेला धरून सेफ्टी लावून चाप ओढा. काही व्हायला नको. सेफ्टी काढून चाप दाबून तसाच धरा, पंप करा, बोट सैल करा: चाप पुन्हा बसल्याचा बारीक "टक" ऐकू यायला हवा. विकणारा या सगळ्याला कुरकुर करत असेल तर त्याचे आभार मानून निघा.

भाच्याने शेवटी कुठली घेतली हे विचाराल, तर वापरलेली ८७०, तीन इंची चेंबरची, २८ इंची नळी, लाकडी दस्ता. नोव्हा त्याला शोभत होती, पण तो बदकांच्या नादाला लागणार नाही, त्याला कोरड्या रानात फेझंट (रानकोंबड्यासारखा पक्षी) आणि ससे हवेत, आणि दिवसभर चालायचं आहे. माझ्याकडे ५०० आहे, २० बोअर, आखूड दस्त्याची. आता तो रोज संध्याकाळी नकली काडतुसं घालून भिंतीसमोर पंप करत बसतो, आणि ताईचा मला फोन येतो की हा खटखटाट बंद कधी होणार. तिला सांगितलंय, हंगाम सुरू होईपर्यंत तरी नाही.